निवेदनं देऊन काही होत नाही? मागणी कुणाच्या टेबलावर जाते ते आधी बघा

प्रश्न सिन्नर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचे मिस्टर नोकरीत आहेत, सध्या बॉर्डरवर. गावात माजी सैनिकांची काही घरं आहेत, एक वीरपत्नी आहे. तालुक्याची संघटना दरवर्षी तहसीलदारांना निवेदन देते, पेपरात फोटो येतो आणि विषय संपतो. ताई विचारतात, "राज्य सरकारचं धोरण आमच्यासारख्यांमुळे खरंच बदलतं का? बदलायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि मी स्वतः फौजेत नाही, नुसती फौजीची बायको. माझं कोण ऐकणार?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. या कामात तुमची गरज सगळ्यात जास्त आहे, कारण तुमच्या मिस्टरांना हे काम करता येत नाही. नोकरीतल्या जवानाला लष्कर कायद्यातल्या आणि नियमांतल्या बंधनांमुळे राजकीय कामात भाग घेता येत नाही, संघटनेत शिरता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. घरच्यांना तशी बंदी नाही. तुम्ही मतदार आहात, सही करू शकता, आमदारांना भेटू शकता. फक्त मिस्टरांची युनिट, ठिकाण, सुट्टीच्या तारखा कुठल्याही कागदावर किंवा मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका. कामाला त्या माहितीची गरजही नसते.

आता तुमच्या संघटनेचं निवेदन. त्याची प्रत पाठवलीत ते बरं केलंत. एका कागदावर वन रँक वन पेन्शनमधली (सारखा हुद्दा, सारखी सेवा, तर सारखी पेन्शन) तफावत, ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) औषधं नसणं, कॅन्टीन, घरपट्टी, मुलांच्या नोकऱ्या, गावात स्मारक, शेताचा रस्ता असं सगळं आहे. खाली चाळीस सह्या. हे तहसीलदारांकडे गेलं. ते काय करणार? "पुढील कार्यवाहीस्तव सादर" असा शेरा मारून वर पाठवणार. मी तोफखान्यात क्लार्क होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि नंतरची वर्षं नाशकात याच कामात गेली. म्हणून ऑफिसच्या बाजूने सांगतो: ज्या पत्रात सात विषय असतात, ते सात टेबलांवर जात नाही. ते कुणाच्याच टेबलावर जात नाही. प्रत्येक क्लार्कला वाटतं, हा आपला विषय नाही.

म्हणून आधी वाटणी करा. पेन्शन, ईसीएचएस, कॅन्टीन, पंतप्रधान शिष्यवृत्ती आणि केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणारं शिक्षण-लग्नाचं अनुदान हे सगळं दिल्लीचं. संरक्षण हा संविधानाप्रमाणे केंद्राचा विषय आहे. आमदारांनी कितीही मनावर घेतलं तरी त्यांच्या हातात फक्त शिफारशीचं पत्र आहे. राज्याच्या हातात काय आहे? घरपट्टी, जमीन, राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं गट क आणि गट ड मधलं १५ टक्के समांतर आरक्षण, शहिदांच्या कुटुंबाला राज्याकडून मिळणारी मदत, सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं, मेस्को म्हणजे माजी सैनिकांसाठीचं राज्याचं महामंडळ. सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे, पण मंत्रालयात तो सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत येतो. हे लक्षात ठेवा, पत्राचा पत्ता त्यावरून ठरतो.

माझं ठाम मत असं, की आपल्या लोकांनी नवी योजना मागणं जवळजवळ बंद करावं. कागदावर योजना पुरेशा आहेत. अडतं ते निर्णयातल्या एखाद्या अटीवर, एखाद्या सुटलेल्या शब्दावर. त्यासाठी मंत्रिमंडळ लागत नाही, लागतं ते शासन शुद्धिपत्रक किंवा पूरकपत्र. एक पानी. ते काढून घेणं तालुक्याच्या संघटनेच्या आवाक्यातलं आहे. नव्या योजनेची घोषणा नसते.

घरपट्टीच घ्या, कारण तुमच्या गावातल्या प्रत्येक घराशी तिचा संबंध आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घरापुरती मालमत्ता करमाफी देण्याचा निर्णय राज्याने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने केला. शहर आणि गाव दोन्हीकडे. तरीही गावोगाव तक्रार असते, "आम्हाला माफी मिळत नाही." संघटना ही ओळ निवेदनात घालते आणि तिथेच चुकते, कारण या एका वाक्याच्या पोटात निदान तीन निराळी दुखणी असतात.

पहिलं घर असं, की नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, नाव नाईक साहेबांचंच आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आहे, आणि ग्रामसेवक म्हणतो, "आमच्याकडे आदेश आलेला नाही." इथे धोरणात काहीच बदलायचं नाही. आदेश आहे, अंमल नाही. यासाठी गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज, सोबत शासन निर्णयाची छापील प्रत. राज्याचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर असतात आणि प्रत्येकावर संगणक संकेतांक असतो, तो अर्जात लिहा. संकेतांक दिला की "आदेश आलेला नाही" हे वाक्य परत ऐकू येत नाही. पंधरवड्यात हललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तो दिवस. तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात. मात्र तिथे फक्त वैयक्तिक स्वरूपाची तक्रार चालते. संघटनेचं लेटरहेड घेऊन "समस्त माजी सैनिकांच्या वतीने" गेलात की अर्ज परत. नाईक साहेबांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घराच्या क्रमांकासह द्यायचा. आणि ग्रामसेवकावर फार चिडू नका. घरपट्टी हे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न आहे. माफी द्यायची म्हणजे त्याच पैशातून पगार आणि दिवाबत्ती भागवणाऱ्याला ती खटकणारच. पावतीवर घरपट्टीशिवाय पाणी, दिवाबत्ती, आरोग्य असे वेगळे रकाने असतात. माफी कशाला आहे ते वाचून मगच भांडायला जा.

दुसरं घर: सुभेदार साहेब वारले, मागे पत्नी. घर मात्र सासऱ्यांच्या नावावर, चार भावांत वाटणी झालेली नाही. माफी मिळत नाही, कारण घर ना सैनिकाच्या नावावर ना त्याच्या पत्नीच्या. ग्रामसेवकाची इथे काही चूक नाही, निर्णयाची भाषाच तशी आहे. एकत्र कुटुंबाच्या घरात माजी सैनिकाच्या वाट्याला प्रमाणशीर माफी द्यावी की नाही, हा खरा धोरणाचा प्रश्न. तोच मुंबईला न्यायचा.

तिसरं घर देवळालीत, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत. फौजेच्या छावणीत राहणाऱ्या माजी सैनिकालाच राज्याची घरपट्टी माफी आपोआप लागू होत नाही, हे ऐकून लोकांना हसू येतं. पण कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राच्या २००६ च्या कायद्याखाली चालतं. राज्याचा निर्णय ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना बांधतो, बोर्डाला नाही. म्हणजे हद्दीच्या अलीकडचा देवळाली गावातला माणूस महापालिकेकडे जाईल, पलीकडचा बोर्डाकडे, आणि बोर्डाच्या वर त्याला संरक्षण मंत्रालयाचं दार आहे. या माणसाला सिन्नरच्या मोर्चात उभं करून उपयोग नाही.

तेव्हा तुमच्या गावची मागणी दुसऱ्या घराची. आता ती कशी मांडायची?

शासन निर्णयाचा शेवट वाचायची सवय लावा. ज्या निर्णयात पैशाचा प्रश्न असतो त्याच्या शेवटी बहुधा लिहिलेलं असतं, "वित्त विभागाच्या सहमतीने, त्या विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये". म्हणजे कुठल्याही विभागाचा सचिव कितीही आपल्या बाजूचा असला तरी फाईल वित्त विभागातून फिरून येते, आणि तिथे एकच प्रश्न विचारतात, किती जणांना आणि किती खर्च. देशभक्तीचं त्या टेबलावर कुणाला वावडं नाही, पण टिपणीत तिला रकाना नसतो. आकडा तुम्ही दिला नाही तर तिथला माणूस स्वतःच्या अंदाजाने देतो, आणि तो नेहमी मोठा असतो.

हा आकडा गावातूनच निघतो, आणि माझ्या मते बायकांनी केलेली नोंद जास्त खरी येते. पुरुषमंडळी पारावर बसून "आपल्या तालुक्यात पाच हजार फौजी" असं सांगून मोकळी होतात. तुम्ही घरोघर जा. प्रत्येक घरासाठी एक कागद: घर कुणाच्या नावावर, सैनिकाशी नातं काय, घरपट्टी वर्षाला किती, माफी मागितली का, काय उत्तर मिळालं, ते लेखी आहे का. एवढंच. बँक खातं, आधार क्रमांक, पेन्शनची रक्कम लिहून घेऊ नका. वीरपत्नींच्या नावाची यादी कुणाच्या तरी मोबाइलवर फिरायला लागली की फसवणुकीचे फोन सुरू होतात. शासनाला गाव आणि संख्या पुरते, नावं मागितली तर त्या त्या बाईला विचारून द्या.

याच फेरीत तुम्हाला दुसरी एक गोष्ट दिसेल, ती वेगळी लिहून ठेवा. पेन्शनच्या कागदावर नाव "हिराबाई", आधारवर "हिराबाई किसन", डिस्चार्ज बुकात लग्नाआधीचं नाव किंवा कारकुनाने ऐकून लिहिलेलं भलतंच. जन्मतारखेचंही तसंच. नावं जुळत नाहीत म्हणून विधवेचे राज्याचे लाभसुद्धा अडतात. ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसात होते, जिथे जवानाच्या सेवेची कागदपत्रं असतात. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिकरोडलाच आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना बेळगावला लिहावं लागतं. साहेब हयात असताना हे करून घेणं सोपं, नंतर प्रतिज्ञापत्रं आणि गॅझेट करत बसावं लागतं. मिस्टर सुट्टीवर आले की तुमच्याही नावाचं तेवढं बघून घ्या.

गावातली नोंद झाली की तिला सरकारी कागदाचा टेकू द्या. माहितीचा अधिकार त्यासाठी. पंचायत समितीच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. ही मर्यादा मला तरी आवडते, कारण माणूस नेमकं विचारायला शिकतो. "माफी का देत नाही?" असं विचारू नका, "का" ही माहिती नसते. विचारा: तालुक्यात किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, नामंजुरीच्या पत्रांच्या प्रती. त्या प्रतींवर "घर नावावर नाही" हे कारण पुन्हा पुन्हा आलं की तुमची बाजू सरकारनेच लिहून दिली असं समजा.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ती घेतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंड्यासाठी माजी सैनिकांना बोलावून शाल-नारळ देतात, त्याच दिवशी ठराव मांडा. ठरावात शासन निर्णयाचा संकेतांक, अडलेली अट, आणि तिच्या जागी हवी असलेली भाषा. हो, भाषा तुम्हीच लिहायची. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहिलंत तर योग्य काय ते दुसरा कुणी ठरवतो. एका गावाचा ठराव म्हणजे कागद. सिन्नर, निफाड, येवला, चांदवड अशा चार तालुक्यांतून एकाच शब्दांतले ठराव आले तर मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला टिपणीत "विविध ग्रामसभांचे ठराव प्राप्त" असं लिहिता येतं. सुरगाणा, पेठ, कळवण सोडू नका. आदिवासी भागातल्या फौजी घरांना आपल्या संघटनांमधलं कुणी भेटायलाच जात नाही, आणि सैनिक कल्याण कार्यालयात यायचं तर त्यांचा अख्खा दिवस मोडतो.

आमदारांकडे आता जायचं, आधी नाही. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि विधानसभेचे मतदारसंघही पंधराच. शिवाय परिषदेचे आमदार. सगळ्यांना एकच कागद द्या, दोन पानांपेक्षा मोठा नको. फोटो काढायला हरकत नाही, त्यांचंही पोट त्यावर आहे, पण उठताना विचारा, "साहेब, हा तारांकित प्रश्न म्हणून टाकाल का?" तारांकित प्रश्नाला विभागाला लेखी उत्तर तयार करावंच लागतं, आणि उत्तर तयार करण्यासाठी जिल्ह्याकडून माहिती मागवावी लागते. सभागृहात प्रश्न पुकारला गेला नाही तरी छापील उत्तर हातात येतं. त्याची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावी लागते, म्हणून डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीनंतर धावपळ करणं फुकट. दसऱ्याच्या आधी कागद द्या. आमदारांपेक्षा त्यांच्या पीएला विषय समजला पाहिजे, प्रश्न तोच लिहितो. वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांनी एकच प्रश्न टाकला तर उत्तम. आणि आचारसंहितेच्या काळात कुणीही तोंडी शब्द दिला तरी तो हिशेबात धरू नका.

दुसरा रस्ता विनंती अर्ज समितीचा. लोकांचे अर्ज तपासणारी विधिमंडळाची ही समिती आहे, लोकांना तिचं नावही माहीत नसतं. या मार्गाची ताकद किती, याला उदाहरण पेन्शनचंच. तिसऱ्या वेतन आयोगानंतर १९७३ पासून जवानांच्या पेन्शनची घसरण झाली आणि वन रँक वन पेन्शनची मागणी कित्येक वर्षं नुसती भाषणांत राहिली. राज्यसभेच्या विनंती अर्ज समितीने ती एका अर्जावरून तपासायला घेतली. भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष होते. डिसेंबर २०११ मध्ये समितीने मागणीच्या बाजूने अहवाल दिला. २०१५ मध्ये जंतरमंतरवर माजी सैनिक बसले तेव्हा त्यांच्या हातात नुसता संताप नव्हता, संसदेच्या समितीने मागणीची केलेली व्याख्या होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला, लागू झाला १ जुलै २०१४ पासून. उपोषणाचे फोटो सगळ्यांना आठवतात, समितीचा अहवाल कुणाला आठवत नाही.

तुमच्या गावच्या वीरपत्नीचा जमिनीचा विषय मात्र या घरपट्टीच्या कागदात घुसवू नका. २०१८ च्या महसूल विभागाच्या निर्णयाप्रमाणे शहीद जवानाच्या पत्नीला किंवा वारसाला दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन द्यायची तरतूद आहे. पण द्यायला जमीन हवी. गावात उरलेली सरकारी जमीन बहुधा गायरान असते, आणि २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरान वाटपावर राज्याने कडक निर्बंध घातले. म्हणून "जमीन द्या" या अर्जावर तलाठ्याचा अहवाल "गावात जमीन उपलब्ध नाही" असा येतो आणि फाईल बंद होते. तिथे अर्जदाराने स्वतः गट क्रमांक शोधून द्यावा लागतो, शेजारचा तालुका चालेल का ते ठरवावं लागतं. राज्याकडे मागण्याजोगी गोष्ट अशी, की जमीन नसेल तर पर्याय काय, ते निर्णयात लिहा. हा महसूलचा विषय, वेगळं पत्र, वेगळी वेळ. त्या बाईला विचारल्याशिवाय तिचं प्रकरण पुढे करू नका. व्यासपीठावर बोलावून रडवायचं आणि नंतर तहसीलच्या पायऱ्या एकटीला चढायला लावायच्या, हे आपल्याकडे फार चालतं.

जिल्हाधिकारी जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, त्याच्या निधी संकलनाच्या कार्यक्रमात सगळे खातेप्रमुख एका ठिकाणी सापडतात. त्या दिवशी भाषण करू नका, पण मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आपला मुद्दा घ्यायला लेखी सांगा. बैठकीच्या इतिवृत्तात एकदा आला की त्याची विचारणा होत राहते.

आणि एक विषय आत्ताच हातात घ्या, कारण त्यावर अजून वेळ आहे. अग्निपथ योजना २०२२ ची. चार वर्षांची सेवा संपवून पहिल्या तुकडीची मुलं २०२६ च्या शेवटापासून घरी येऊ लागतील. कायम होणार फार तर चौथा हिस्सा. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातही अग्निवीर घडतात, तुमच्या तालुक्यातली पोरंही त्यात असतील. त्यांना पेन्शन नाही, आणि माजी सैनिक ही व्याख्या त्यांना लागू होत नाही. म्हणजे राज्याच्या ज्या ज्या निर्णयात "माजी सैनिक" हा शब्द आहे, तो प्रत्येक लाभ त्यांच्या हातून निसटतो. नोकरीतलं समांतर आरक्षण, घरपट्टी, वसतिगृह, मेस्को. केंद्राची व्याख्या आपल्याला बदलता येणार नाही, पण राज्य आपल्या निर्णयात "व अग्निवीर" हे दोन शब्द कुठे घालणार आणि कुठे नाही, हे त्याने ठरवायचं आहे. सगळीकडे घाला असं मी म्हणणार नाही. १५ टक्क्यांच्या त्याच वाट्यात त्यांना घातलं तर सतरा वर्षं नोकरी करून आलेला हवालदार आणि चोवीस वर्षांचा पोरगा एका जागेसाठी भांडतील, आणि धावण्यात कोण जिंकेल ते उघड आहे. आपल्या संघटनांनी यावर आपसात आधी बोलून घ्यावं. मंत्रालयात जाऊन एकमेकांविरुद्ध निवेदनं दिली की फाईल थांबवायला अधिकाऱ्याला दुसरं कारण लागत नाही.

तुमच्या पहिल्या बैठकीसाठी: शनिमंदिरात नको, कुणाच्या तरी घरी दुपारी घ्या, बायका येतील. शासन निर्णयाच्या पाच छापील प्रती, प्रत्येक घराचा नमुना ८ चा उतारा आणि शेवटची घरपट्टीची पावती एवढं पुरे. जुन्या निवेदनातला ईसीएचएसचा मुद्दा वेगळ्या कागदावर काढून स्टेशन मुख्यालयाला पाठवा, पॉलिक्लिनिकचा कारभार तिकडे असतो. औषधाचं नाव, तारीख आणि "उपलब्ध नाही" असा शिक्का असलेली चिठ्ठी जोडा. प्रत्येक पत्राची पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक टाकून घ्या. रस्त्याचं आणि स्मारकाचं पत्र संघटनेतल्या पुरुषमंडळींना द्या, त्यांनाही काम हवं.